चौदाव्या गाळ्यावरचे टोमॅटो

आमच्या कुएन्काच्या मंडईत खालच्या मजल्यावर अठरा गाळ्यांवर टोमॅटो मिळतात. माझा गाळा चौदावा. तिथे मी एकतीस वर्षं उभी आहे, आणि एवढ्या वर्षांत रसेल आणि लॉर्ना यांच्याइतकं बेशरम गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. दर बुधवारी दोघं यायची आणि दर बुधवारी नव्या गाळ्यावरून टोमॅटो घ्यायची. पहिल्या बुधवारी पहिला गाळा, दुसऱ्या बुधवारी दुसरा, अशी रांगेनं, आणि तेही मागच्या आठवड्यातल्या बाईच्या डोळ्यांदेखत.

इथे असं कोणी करत नाही. इथे ज्याची त्याची एक कासेरा असते. तुम्ही तिच्याकडूनच घेता, तिच्या आईचं दुखणंखुपणं विचारता, आणि ती निघताना पिशवीत मूठभर वरचं टाकते. त्या मूठभराला यापा म्हणतात. तो मागून मिळत नाही, आणि रोज दार बदलणाऱ्याला तर नाहीच नाही. कासेरा बदलायची म्हणजे बायको बदलण्यासारखंच आहे. करायचंच असेल तर दुसऱ्या मंडईत जाऊन करावं, आमच्या नाकासमोर नको.

पेन्शन घेऊन इथे राहायला आलेली गोरी म्हातारी जोडपी शहरात पुष्कळ आहेत. आधी पाव, मग चीज, मग भाजी, शेवटी वरच्या मजल्यावर ज्यूस, अशी त्यांची फेरी असते आणि ती बरोबरीनं चालतात. या दोघांचं तसं नव्हतं. रसेल चौकड्यांची पिशवी घेऊन पुढे, आणि लॉर्ना चार गाळे मागे. ती लसूण बघितल्यासारखं करायची, पण नजर सगळी नवऱ्याच्या पाठीवर. त्यानं टोमॅटो घेतले की पर्समधून लाल वही काढून काहीतरी लिहायची.

आता ही वही बघून कोणाला झोप येईल? माझी शेजारीण लुझमिला, पंधराव्या गाळ्यावरची, म्हणाली की नवरा-बायकोत अबोला असणार. जडीबुटीवाल्या रोसालियाचं मत पडलं की हे नगरपालिकेचे हेर आहेत. मी म्हटलं, हेर असते तर पालेभाजीवालीकडेही गेले असते, नुसते टोमॅटो मोजत फिरले नसते. एकदा तर मी केर टाकायच्या निमित्तानं लॉर्नाच्या मागून गेले आणि वहीत डोकावले. पानावर आकडे होते आणि त्यांच्यापुढे गोल काढलेले. काही रिकामे, काही काळे भरलेले. एवढ्यानं काय कळणार? उलट उत्सुकता दुप्पट झाली.

माझी पाळी चौदाव्या बुधवारी येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तयारीत होते. माझ्या गाळ्यावर पाटी आहे: ‘टोमॅटो दाबू नयेत.’ माझी आरोळीही तीच. लाल टोमॅटो, गोड टोमॅटो, हात लावायचा नाही, दाबायचं नाही. आमच्या पाद्रीबाबांच्या सख्ख्या बहिणीच्या बोटांवरही मी पळी मारलेली आहे. दाबलेला टोमॅटो संध्याकाळपर्यंत बसतो, आणि तो मलाच घरी नेऊन खावा लागतो.

रसेल आला, टोपी काढून नमस्कार केला, आणि बरोबर पाटीखाली हात घालून एकेक टोमॅटो चाचपायला लागला. एक, दोन, पाच. सावकाश, अंगठ्यानं, जसा काही त्याचा बाप बाजार विकत घेऊन गेला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पळी उचलली आणि हाणली बोटांवर. त्यानं हात मागे घेतला, माफी मागितली आणि म्हणाला, एक डॉलरचे द्या, तुम्हीच निवडा.

मी निवडले. खाली तीन पिचके, वर चांगले. यापा अर्थातच दिला नाही. त्यानं पिशवी हातात घेतली. पिशवीवरूनच त्याचा अंगठा खालपर्यंत गेला आणि तिथे जरा थांबला. मग तो ‘आभारी आहे’ म्हणाला, पण बघत होता माझ्या कानापलीकडे. मला वाटलं, एवढा माज की तोंडाकडे बघून बोलायचीही तसदी नको. मागे लॉर्नानं वही काढली.

पुढच्या बुधवारी तो लुझमिलाकडे गेला. ती मुळातच मऊ. तिनं त्याला दाबू दिलं आणि यापाही घातला. असल्या फिरत्या गिऱ्हाइकाला यापा कशाला, म्हणून मी तिला दिवसभर टोचून बोलले. अठरावा बुधवार झाला, गाळे संपले, आणि एकोणिसाव्याला दोघं टोमॅटो न घेताच वर जेवायला गेली. मला राहवेना. लुझमिलाला गाळा बघायला सांगून मी त्यांच्यामागे वर गेले.

लॉर्ना एकटी बसली होती, पुढे भाजलेल्या डुकराच्या मांसाची ताटली आणि उकडलेला मका. रसेल ज्यूस आणायला गेला होता. मी समोर बसले आणि सरळ विचारलं की बाई, वहीत काय लिहिता. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर नवऱ्यावर होती. तो दोन्ही हातांत पेले घेऊन पावलं मोजत येत होता, ओठ हलत होते.

“त्याला दिसत नाही,” ती म्हणाली. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली असली तरी तिचं बोलणं स्वच्छ होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचा मधला भाग गेला, कडेकडेचं अंधुक दिसतं, तेही किती दिवस राहील सांगता येत नाही. तोंडाच्या जागी त्याला नुसतं धुकं दिसतं. माणसं तो आवाजावरून ओळखतो, आम्ही सगळ्या त्याला आवाजानं पाठ आहोत. त्यानं हट्ट धरला की स्वतःची भाजी स्वतः आणायची. तिलाही ते हवं होतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, ती त्याला कायम पुरणार नव्हती. तेव्हा कोणाच्या भरवशावर तो डोळे मिटून पिशवी पुढे करू शकेल, हे तिला तिच्या हयातीत कळायला हवं होतं. घरी गेल्यावर दोघं मिळून पिशवी ओट्यावर रिकामी करायची. तो हातानं सांगायचा, ती डोळ्यांनी बघायची. मग मंडईत लिहून आणलेल्या गाळ्याच्या आकड्यापुढे ती गोल काढायची: चांगला माल आला तर रिकामा, खराब निघाला तर भरलेला.

अठरांपैकी अकरा भरलेले होते.

“आणि चौदाव्याचा?” मी विचारलं.

“ते तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. रागानं म्हणाली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात रसेल आला. त्यानं टेबलाची कड चाचपली आणि पेले न सांडता ठेवले. मी उठले. खाली येऊन लुझमिलाला सांगितलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या मंडईला कळलं. लॉर्नानं सांगितलं होतं, पुढच्या बुधवारी तो एकटा येणार आणि स्वतःची कासेरा निवडणार. मला लाज वाटत होती, हे मी कबूल करते. त्याहून वाईट म्हणजे, त्या लाजेतही मला तो माझ्याकडेच यायला हवा होता. मी रविवारीच रसरशीत, घट्ट, एकसारखे टोमॅटो बाजूला काढून ठेवले.

बुधवारी लॉर्ना दाराशी फुलवाल्यांच्या बाकावर बसली. आज वही नव्हती. रसेल आत आला.

आणि सगळी मंडई गप्प झाली. एरवी आमच्याकडे कोणी पाय ठेवला की अठरा तोंडं एकदम सुटतात: ये राजा, इकडे ये राणी, काय देऊ. आज दयेनं म्हणा, लाजेनं म्हणा, एकीच्याही तोंडून शब्द निघेना. कोणी वाट मोकळी करायला टोपल्या मागे ओढल्या, कोणी हात जोडले. तो पाचसहा खांबांपर्यंत नीट आला आणि थांबला. मान एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. पिशवी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली. तो वाट चुकला होता, आणि वाट चुकवली होती आमच्याच गप्प बसण्यानं. दाराशी लॉर्ना उठून उभी राहिली, पण पुढे आली नाही.

मी आरोळी ठोकली. तयारी करून नाही, तोंडाला सवय होती तीच निघाली. लाल टोमॅटो, गोड टोमॅटो, हात लावायचा नाही, दाबायचं नाही.

त्याचा चेहरा उजळला. तो वळला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं चालू लागला. माझ्यापाठोपाठ तिसऱ्या गाळ्यानं आवाज दिला, मग नवव्यानं, मग सगळा मजला बोलायला लागला. तो सरळ माझ्यापाशी आला. माझ्या गाळ्याच्या खांबावर हात ठेवला. मी बाजूला काढलेली टोपली पुढे ओढली.

त्यानं खांब सोडला, तीन पावलं मोजली, आणि लुझमिलासमोर उभा राहून म्हणाला, “कासेरा, एक डॉलरचे द्या.”

लुझमिलाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं यापा इतका घातला की पिशवी तोंडाशी फाटायला आली. मी पळी घेऊन उभी होते. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला, तेवढा तिच्या तीन मुलांच्या लग्नांतही वाटला नव्हता.

परत जाताना तो माझ्या खांबाशी आला, तेव्हा मी माझा सगळ्यांत चांगला टोमॅटो त्याच्या तळहातावर ठेवला. दुसरीच्या गिऱ्हाइकाला यापा द्यायची आमच्यात रीत नाही. लुझमिला बघतच राहिली.

“हा चौदाव्याचा,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “दाबून बघा, राजा. सगळीकडून दाबा.”

त्यानं अंगठ्यानं तो सावकाश फिरवत दाबून पाहिला, देठापासून बुडापर्यंत. मग माझा हात शोधला आणि टोमॅटो माझ्याच हातात परत दिला.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “पण टोमॅटो मी तिच्याकडून घेतो. तुम्ही ओरडत राहा. तुमच्या आवाजावर मला वाट सापडते.”

याला आता चार महिने झाले. पाटी मी काढून टाकली, त्यामुळे आरोळीही बदलावी लागली. आता मी ‘दाबून बघा’ असं ओरडते आणि बायका हसतात. दर बुधवारी तो माझ्या खांबाशी थांबतो, एक टोमॅटो उचलतो, सगळीकडून दाबून बघतो, जागेवर ठेवतो आणि तीन पावलं पुढे जातो. संध्याकाळी तो टोमॅटो मी घरी नेऊन खाते.