गोहलपुरचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जबलपूरच्या गोहलपुर भागात, सुताराच्या दुकानावरच्या खोलीत माझा जन्म झाला. माझे भाग नागपूरहून आले आणि सरोजिनी व श्रीरंग या बहीणभावांनी ते जोडले.

त्या काळी संगणकावरचे साहसी खेळ परदेशातून येत. "आपल्याकडे गुहा कमी आहेत काय?" असे म्हणून सरोजिनीने खेळांची कंपनी काढली. आमच्या खेळात चित्रे नव्हती. मी पडद्यावर गोष्ट लिहायचो आणि खेळणाऱ्याने पुढे काय करायचे ते हिंदीत टाईप करायचे.

पहिल्या खेळात गुहेच्या दाराशी एक पहारेकरी होता. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी खेळ तपासला. सगळे सहज आत गेले. मग खेळ बाहेरगावी विकला गेला आणि फोन वाजू लागला.

"दीदी, आपका पहरेदार बहरा है क्या? दरवाजा ही नहीं खोलता!"

सरोजिनीने विचार केला आणि चूक तिच्या लक्षात आली. तपासणारे सगळे 'भैया, दरवाजा खोलो' असेच लिहीत. मला तिने तेवढेच वाक्य शिकवले होते.

"पहले भैया बोलिए," ती म्हणाली.

पलीकडे कळा खडखडल्या. मग आरोळी आली, "खुल गया!"

"दुरुस्त करू?" श्रीरंगने विचारले.

"काहून? लोक सभ्य होऊन राहिले ना!"

ही गंमत पसरली आणि खेळ दूरदूर गेला. आमच्या जिन्यावर मुलांच्या चपला मावत नसत.

पुढे रंगीत चित्रांचे खेळ आले. श्रीरंग म्हणाला, "आपणही चित्रं टाकू." सरोजिनी म्हणाली, "गुहेत अंधार असते. चित्र कशाचं काढतो?" तिचे म्हणणे बरोबर होते, पण दुकानदारांनी आमच्या खेळांची खोकी परत पाठवली. कंपनी बंद झाली. सरोजिनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागली आणि मी कापडाखाली गेलो.

परवा श्रीरंगने खोली रिकामी करायला काढली. भंगारवाला नथ्थू दाराशी येऊन उभा राहिला. खेळाच्या फ्लॉप्या बुरशीने गेल्या होत्या. खेळ आता फक्त माझ्यात उरला होता. श्रीरंगची मुलगी प्रतिमा म्हणाली, "आत्या, एकदा चालू करून बघू ना." तिने ब्रशने माझी धूळ काढली, सरोजिनीने तारा तपासल्या, आणि मी खोकत, घरघरत जागा झालो.

प्रतिमाने लिहिले, 'दरवाजा खोलो'. पहारेकरी गप्प. पुन्हा लिहिले. पुन्हा गप्प.

"आत्या, हा तर ऐकूनच नाही राहिला. बिघडला आहे."

सरोजिनी नुसती हसली. नथ्थूने पोते सरसावले. "चलो बिटिया, ले जाऊँ?"

"भैया, थोडा रुको ना!" प्रतिमा म्हणाली. मग स्वतःच थबकली आणि आत्याकडे पाहून टाईप करू लागली.

दार उघडले!

पोते खाली ठेवून नथ्थू पडद्याशी वाकला. "अच्छा! अंदर क्या है?"

अजून प्रतिमा, नथ्थू आणि मी गुहेतच आहोत. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुने यंत्र गप्प बसले तर लगेच पोत्यात घालू नका. आधी त्याची धूळ पुसा. मग जरा गोड बोलून पाहा.