संतरामच्या अकरा ओळी

“न्हाई भाऊ, हे बराबर न्हाई,” द्वारकाबाईंनी कागदावरून बोट उचललं. “लई अक्षरांत खालचं एक टिंब गळून राहिलं.”

रत्नपाल खुर्चीत मागे रेलला. हिंगोलीच्या कॉलेजात ब्रेल छापणारं यंत्र तो बावीस वर्षं सांभाळत होता. शिक्षिका द्वारकाबाई स्वतः अंध, कुरुंदा गावाहून येत. उद्या त्यांच्याकडे शिकणाऱ्या नऊ अंध मुलींची परीक्षा होती.

सकाळी यंत्र कॉम्प्युटरला दिसतच नव्हतं. नव्यानं लागलेल्या कोमलनं काल कॉम्प्युटरवर लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, टाकला होता आणि जागेसाठी जुन्या कर्नलच्या सोर्सची, म्हणजे मूळ कोडची, डिरेक्टरी पुसली होती. ‘लिनक्स’ नावाची लिंक मात्र अजून त्या पुसलेल्या जागेकडेच दाखवत होती, म्हणून यंत्र चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तयारच झाला नव्हता.

“लिंक तर तशीच होती सर. मला वाटलं, सगळं तिच्यातच हाय.”

“लिंक म्हंजी नुसती पाटी, कोमल. घर दुसरीकडं असतंय.”

रत्नपालनं लिंक नव्या डिरेक्टरीकडे वळवली, ड्रायव्हर पुन्हा तयार केला. यंत्र चाललं, पण टिंब गळू लागलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. या जुन्या यंत्रासाठी त्याचा सहकारी संतराम यानं ड्रायव्हरमध्ये अकरा ओळी घातल्या होत्या आणि त्या पुसलेल्या डिरेक्टरीबरोबर गेल्या होत्या. कर्नल बदलला की रत्नपाल आधी त्या ओळी नव्या डिरेक्टरीत उतरवायचा, मगच लिंक फिरवायचा. दुसरी प्रत त्यानं कधी काढलीच नाही. संतराम वारला, त्याला तीन वर्षं झाली होती.

“माझ्यामुळं झालं सर,” कोमल म्हणाली.

“मी तरी कुठं सांगितलं होतं तुला?”

तो आठवत बसला. सात ओळी आठवल्या. उरलेल्या चार अंदाजानं लिहायच्या, ड्रायव्हर तयार करायचा, एक पान छापायचं, बाईंच्या हातात द्यायचं.

“न्हाई.”

पुन्हा.

“अजून न्हाई, भाऊ.”

डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती. जेवण राहिलंच. साडेचारला बाईंचं बोट पानाच्या शेवटापर्यंत न थांबता गेलं.

“व्हय. आता बराबर.”

प्रश्नपत्रिका छापून निघू लागल्या. कोमलनं हळूच विचारलं, “सर, ओळींच्या वर लिहिणाऱ्याचं नाव टाकतात ना? तुमचं टाकू?”

“संतरामचं टाक.”

“आन् त्यांनी लिहिल्याची तारीख?”

त्यानं बोटांवर वर्षं मोजून पाहिली. तारीख काही आठवेना.

“ती जागा मोकळी ठेव,” तो म्हणाला.