मागचं पुसताना

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वैष्णवीला वेळ पक्की आठवते, कारण खाली पाण्याचा टँकर मागं घेताना वाजत होता आणि त्या आवाजानं अडीच वर्षांची संस्कृती झोपेतून उठली, म्हणून तिनं वैतागून घड्याळ पाहिलं होतं.

तिचा नवरा पियुष एरवी हिंजवडीला जायचा; पण त्या दिवशी तो वारज्यातल्या घरीच होता. मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या गाळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यानं टेबलावर मांडला होता. वजनाचा प्रोग्राम उघडला, की त्याची खिडकी सारखी लुकलुकायची आणि गाळ्यावरच्या दिवाणजींचे डोळे दुखायचे, एवढीच तक्रार होती.

"हे बघ," तो म्हणाला, "मशीन आधी खिडकीतलं मागचं सगळं पुसतं, रंग मारतं आणि मग आकडे काढतं. दर वेळी. म्हणून लुकलुक. आता मी त्याला सांगतो, मागचं पुसून झालंय, तू फक्त आकडे काढ."

"पण पुसलेलं नसणार ना?"

"नसू दे. मशीन कुठं बघायला जातंय?"

मागचं किती दिसतं ते कळावं म्हणून त्यानं पडद्यावर संस्कृतीचा फोटो लावला होता. लुकलुक खरंच थांबली. पण त्यानं खिडकी धरून सरकवली, तसा फोटोतला चेहरा तिच्याबरोबर ओढला गेला आणि खिडकी जिथं जिथं थांबली तिथं तिथं एकेक संस्कृती उमटून राहिली, एकीवर एक, पत्ते पसरावेत तशी.

"एक आवरत नाही तुला. घे आता एवढ्या," पियुष हसला.

"पुसा बाई ते. लेकराचं असं बघवत नाही."

"चहा तर दे आधी."

चहा ठेवायला ती वळली. स्वयंपाकघराच्या दारात संस्कृती अंगठा चोखत उभी होती. तिला हळूच बाजूला करून वैष्णवीनं पातेलं घेतलं, तोच बाथरूममधून संस्कृतीची हाक आली, "आई, शी झाली."

वैष्णवीनं जाऊन तिला धुतलं, कडेवर घेऊन बाहेर आणलं. दारातली तशीच उभी होती, अंगठा तोंडात. ती मघाशी वैष्णवी जिथं होती तिथंच बघत होती.

मग पोर जिथं जाईल तिथं उरायला लागली. सोफ्याच्या हाताला टेकलेली एक, टेबलाखाली वाकलेली एक, बाल्कनीत स्टुलावर चढून गजाला धरलेली एक. तिच्याकडे वैष्णवी जीव खाऊन धावली, तिला उचलून आत घेतलं. अंग गरम लागलं, केसांना झोपेचा वास होता. दुसरीला धरलं, तीही गरम. आता आपल्या हातातून मघाशी कुठली खाली उतरली हेच तिला सांगता येईना.

"अहो, आपली कुठली यातली?"

"यातली म्हणजे? ही काय, समोर." पियुषनं पडद्यावरून नजर न काढता बोट दाखवलं. त्या बोटासमोर तिघी होत्या.

"मागचं पुसा. आत्ताच्या आत्ता. पाया पडते तुमच्या."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत त्यानं एक ओळ बदलली. खिडकी क्षणात करडी आणि स्वच्छ झाली.

घरही स्वच्छ झालं. एकच उरली. वैष्णवीनं तिला छातीशी धरलं, पोटभर रडून घेतलं आणि झोपेत विस्कटलेली तिची वेणी घालायला घेतली. तिच्या मागं जाऊन बसली, तर पोर समोरून तिच्याकडे बघत होती. ती वळली असेल, असं वाटून वैष्णवी फिरून दुसऱ्या बाजूला गेली. तिथंही चेहराच. खांदे धरून तिला हलकेच फिरवलं. ती फिरली, फिरत राहिली, आणि चेहराच येत राहिला.

"अहो, हिची पाठ बघा."

"काय झालंय पाठीला?" पियुषनं एकदा पाहिलं आणि चहाचा कप उचलला. "घामोळं असेल."

वैष्णवी पोरीला घेऊन जिन्यात धावली, वरपासून खालपर्यंत दारं वाजवत सुटली. पहिल्या मजल्यावरच्या पद्मजाकाकूंनी, निवृत्त मास्तरीण त्या, शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मुलगी हरवलीय म्हणतेस. मग कडेवर काय आहे, शेजाऱ्यांची?"

तिथंच पायरीवर बसून, कडेवरचा चेहरा तिच्याकडे टक लावून बघत असताना, वैष्णवीनं सगळ्या ग्रुपांवर लिहिलं:

"माझी संस्कृती हरवली आहे. वय अडीच वर्षं. फोटो पाठवत नाही. कुठं एकटी दिसली तर आधी तिच्या मागं जाऊन बघा. पाठ दिसली तर ती माझी आहे. तिला धरून ठेवा आणि कृपा करून हा निरोप पुढं पाठवा."