वाढत्या अंगाची सायकल

मी एक जुनी फ्रेम आहे. तसबिरीची नव्हे हं, सायकलची. चाकं, हँडल, सीट, पेडल हे सगळं ज्याच्यावर बसवतात तो सांगाडा म्हणजे मी. मित्रांनो, सायकल पळाली की लोक चाकांचं कौतुक करतात, वेळेवर थांबली की ब्रेकचं. मधल्या फ्रेमकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाठीच्या कण्याकडे तरी कोण बघतं? तो दुखायला लागला की मात्र माणूस दिवसभर त्याचंच नाव घेतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका कारागिरानं हलक्या धातूच्या नळ्या कापल्या, त्यांची टोकं घासली आणि ती वितळवून नळ्या एकमेकींना जोडल्या. त्याचा हात फार हळुवार होता. रंग सुकल्यावर त्यानं माझ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि हलकेच मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्या माणसाचं भलं होवो.

त्याच दिवशी माझ्या बहिणीही जन्मल्या. एकाच धातूच्या, एकाच निळ्या रंगाच्या, पण मापानं लहानमोठ्या. सीटची दांडी जिथे आत जाते, तिथे प्रत्येकीला मापाचा आकडा चिकटवला होता. मी थोरली. माझी सगळ्यात धाकटी बहीण माझ्याबरोबर एका दुकानात आली. तिथे छताला आम्ही दोघी शेजारी शेजारी टांगलेल्या असायचो.

दुकानाच्या मालकांच्या खिशात कायम पाना असे, म्हणून गल्लीतली मुलं त्यांना पानाकाका म्हणत. एके दिवशी तिथे एक बुटकेसे गृहस्थ आले. गळ्यात माप घ्यायची टेप, कानामागे खडू. ते शिंपी होते. त्यांची लेक शाळेच्या सायकल संघात होती, आणि आजवर दुसऱ्यांच्या सायकली मागून शर्यतीत उतरत होती.

"तिला न सांगता आलोय," ते पानाकाकांच्या कानाशी येऊन म्हणाले. "एकदम समोर उभी करायची आहे सायकल. फ्रेमपासून सगळं नवं, माझ्या पसंतीनं."

"पण मुलीला आणलं असतंत तर बरं झालं असतं," पानाकाका म्हणाले. "शर्यतीच्या सायकलला माप फार लागतं हो."

शिंपीबाबा हसले. "मापाचं मला सांगता? अहो, जन्म गेला माझा मापं घेण्यात!"

पानाकाकांनी धाकटीकडे बोट दाखवलं. शिंपीबाबांनी तिच्यावर टेप लावली, मग माझ्यावर लावली. बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ही मोठीच द्या. पोरीचं वाढतं अंग आहे. आईवर गेली तर दोन वर्षांत ताडमाड होईल. शाळेचे कपडेसुद्धा मी नेहमी चार बोटं ढिलेच शिवतो."

मित्रांनो, मी त्या क्षणी ओरडून सांगायला हवं होतं. कापडाला आत दुमड असते. आज टीप घालावी, उद्या उसवावी. माझ्या नळ्यांना कुठली दुमड? पण फ्रेमला तोंड नसतं. मी मुकाट्यानं त्यांच्या घरी गेले.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, चिंध्यांची टोपली आणि उंच आरसा. गिऱ्हाईक नवे कपडे घालून आरशासमोर उभं राहिलं की शिंपीबाबा एकच वाक्य म्हणत, "हात वर करा, खाली करा, वाका. कुठे टोचत असेल, ओढत असेल तर आत्ताच सांगा. लाजू नका." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्याचं काम आहे.

लेकीला घरात टिकली म्हणत. लहानपणी ती रांगत रांगत कपड्यांवर शिवायच्या टिकल्यांच्या डब्यात जायची आणि अंगभर चमचमत बाहेर यायची, म्हणून ते नाव. मला पाहताच ती किंचाळली आणि बाबांच्या गळ्यातच पडली. शिंपीबाबांनी डोळे पुसले आणि वर म्हणाले, "खडू गेला डोळ्यात."

टिकलीची आई मात्र दाराशी उभी राहून बघत होती. ती परिचारिका होती, घरोघर जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं द्यायची. ती नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. "अहो, जरा मोठी नाही का वाटत?" तिनं हळूच विचारलं.

"तुझ्या लेकीला वाढायला जागा ठेवलीय," शिंपीबाबा म्हणाले.

"माझी लेक उंचीनं तुमच्यावर गेलीय, एवढं लक्षात असू द्या."

टिकली माझ्यावर बसली त्या सकाळीच मला खरं काय ते कळलं. सीट पार खाली बसवलेली, तरी तिचे पाय पेडलला पुरेपूर पोचेनात. प्रत्येक फेऱ्यात ती डावीउजवीकडे हलायची. हँडल तिच्यापासून लांब होतं. त्याला धरायला ती अशी ताणली जायची, जणू वरच्या फळीवरचा डबा काढतेय. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी असलेली टेकडी होती. त्या चढावर संघातल्या मुली पुढे निघून गेल्या. टिकली शेवटी पोचली तेव्हा तिची मान आखडली होती आणि बोटं बधिर झाली होती. घरी येऊन तिनं गुपचूप मोरीत हात गार पाण्यात धरले.

"कशी चालते गं?" बाबांनी मशीनवरून विचारलं.

टिकलीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय बोलणार ती? माप चुकलं असं एका शिंप्याला, त्यातून आपल्या बाबांना कसं सांगायचं? म्हणून ती म्हणाली, "मस्त चालते, बाबा. फक्त... थोडी जड आहे."

वजन ही कुणाचीच चूक नसते ना! म्हणून तिनं वजनावर ढकललं. पण त्या एका शब्दानं माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

शिंपीबाबांनी कापडाचे गठ्ठे तोलायचा काटा तुळईला अडकवला आणि त्याला मला टांगलं. मग रोज काही ना काही उतरू लागलं. पहिल्यांदा घंटी गेली. मग स्टँड, मग पाण्याच्या बाटलीचा पिंजरा. लोखंडी स्क्रू काढून हलके आले, जाड सीट जाऊन पातळ आली. ब्लेडनं त्यांनी माझे स्टिकरसुद्धा खरवडले. त्यात माझ्या मापाचा आकडाही गेला.

आई इंजेक्शनांची पिशवी आवरत म्हणाली, "आता रंग तेवढा तासायचा राहिलाय."

"कल्पना वाईट नाही," शिंपीबाबा गंभीरपणे म्हणाले.

एक दिवस त्यांनी सीटची दांडी बाहेर काढली. "हे बघ, केवढी लांब दांडी फुकट आत जातेय! जास्तीचं कापड ठेवतो का आपण?" म्हणत त्यांनी तिचा खालचा भाग करवतीनं कापून टाकला. हातात आलेला तुकडा त्यांनी काट्यावर ठेवला आणि लेकीला दाखवला. त्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून टिकलीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या आतून मात्र वारा गेल्यासारखं झालं. दांडी इतकी खाली गेली होती, की तिच्यासाठी आत जागाच उरली नव्हती. यावरून तरी माप मोठं झालंय हे त्यांनी ओळखायला हवं होतं. पण प्रेमाच्या भरात माणसाला काटा दिसतो, लेकीचे खांदे दिसत नाहीत.

मी हलकी झाले. संघातल्या सगळ्या सायकलींहून हलकी. मुली मला एका हातानं उचलून बघत आणि म्हणत, "पीस आहे गं पीस!" माझं असं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. आणि टेकडीवर टिकली पुन्हा शेवटी आली.

त्या संध्याकाळी तिनं मला दारातच भिंतीला टेकवलं आणि खाली बसून राहिली. निवडीची शर्यत तोंडावर आली होती. त्यातून ज्या मुली निवडल्या जातील त्याच पुढे जाणार होत्या. आधी तिला म्हणता येत होतं, सायकल जड आहे. आता ती पळवाटही उरली नव्हती.

"बाबा," ती आत जाऊन म्हणाली, "मी नाही उतरत शर्यतीत. माझ्या अंगात तेवढा दमच नाही. सायकल दुसऱ्या कुणाला तरी द्या."

मशीन थांबली. शिंपीबाबांनी सुईतून दोरा काढला, पुन्हा ओवला, पुन्हा काढला. देवा, मी मनात म्हटलं, या घरात मी आनंद म्हणून आले होते. आता एवढंच कर, या पोरीला स्वतःवर रागावू देऊ नकोस.

इतक्यात आई बाहेरून आली. मी दारातच आडवी उभी होते. तिच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात भाजी. मला बाजूला करायला तिनं दोन्ही खाली ठेवलं, सरळ टांग टाकून माझी नळी दोन पायांमध्ये घेतली आणि हँडल धरून मला मागे ढकलू लागली. "अहो, ही वाटेतून काढा बघू, माझा..."

"थांब," शिंपीबाबा एकदम म्हणाले. "हलू नकोस."

गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करताना ते याच आवाजात बोलत. ते उठले. आईभोवती एक फेरी मारली. तिचे खांदे सैल होते. कोपर किंचित वाकलेले. हात हँडलवर असे पडले होते, जणू तिच्यासाठीच ते तिथे ठेवलंय. आधीच शिवून ठेवलेला सदरा एखाद्याला नेमका बसावा तसं.

"आता तू बाजूला हो. टिकले, तू ये. बस. हात ठेव."

टिकली बसली. आईनं मला मागून धरलं. शिंपीबाबांनी लेकीच्या पाठीवर तळवा ठेवला, मग खांद्यावर, मग काखेजवळ.

"इथे ओढतंय," ते हळू म्हणाले. "सगळं इथे ओढतंय. आणि हाताला मुंग्या येतात?"

टिकलीनं मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही इतक्या मनापासून आणली होती, बाबा."

शिंपीबाबा खाली माझ्या चाकाशीच बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, मला वरून कळेना. "अगं वेडे, गिऱ्हाईकच बोललं नाही तर शिंप्यानं काय करायचं? आणि शिंप्यानं तरी विचारलं कुठे! गावाला विचारतो, कुठे टोचतं सांगा. लेकीला विचारलं नाही."

"म्हणजे माझ्यात दम आहे?" टिकलीनं विचारलं.

"दम आहे म्हणून तर एवढ्या मोठ्या सायकलवरून टाकीपर्यंत पोचत होतीस," आई म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर अर्ध्यावरून परतले असते."

टिकलीनं केवढा मोठा श्वास सोडला म्हणून सांगू! इतके दिवस तो तिच्या छातीत अडकलेला होता. माझ्याही.

दुसऱ्या दिवशी तिघंही पानाकाकांकडे गेले. मला घेऊनच. शिंपीबाबा भीत भीत छताकडे बघत होते. धाकटी तिथेच होती! अंगभर धूळ, पण तिथेच. पानाकाकांनी टिकलीला चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं केलं. पायांची लांबी मोजायला दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरायला लावलं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची टेप मात्र शिंपीबाबांच्या हातात दिली.

"घ्या. माप तुम्हीच घ्या."

"ढिलं नाही घेत हं," शिंपीबाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

मग माझी चाकं, हँडल, ब्रेक एकेक करून उतरले आणि धाकटीला चढले. कापलेली दांडी तिला पुरेना. तिची सीट चांगली वर येणार होती. म्हणून पानाकाकांनी एक लांब, जड, लोखंडी दांडी शोधून बसवली. बाटलीचा पिंजरा परत आला. घरी येऊन शिंपीबाबांनी सवयीनं धाकटीला काट्याला टांगलं. ती माझ्याहून चांगलीच जड भरली.

"अरे देवा!" ते म्हणाले.

टिकली वाटेतच धाकटीवरून टेकडीवर एक फेरी मारून आली होती. गाल लाल, बोटं मोकळी. ती म्हणाली, "जड? बाबा, मला तर आज सायकल आहे असंच वाटलं नाही!"

निवडीच्या शर्यतीत ती पहिली आली नाही. पण निवडली गेली.

आणि मी? मी उघडी, चाकांविना, दुकानातल्या खिळ्यावर लटकले. माझ्यावर इस्त्रीच्या पँटी टांगल्या जाऊ लागल्या. कधी टेप, कधी छत्री. भंगारवाल्याची हाक आली की माझ्या नळ्यांतून शहारा जायचा. खरं सांगते, धाकटीचा हेवा नव्हता वाटत. मी वाईट नव्हते, फक्त चुकीच्या अंगावर चढवली गेले होते, एवढं कुणाला तरी आठवावं असं वाटायचं.

ते आठवलं शिंपीबाबांना. एका सकाळी त्यांनी पँटी काढल्या आणि मला पुसलं. पानाकाकांकडून जुनी पण सुरेख चाकं आली, हँडल-ब्रेक आले, सीटची लांब दांडी आली, जाड मऊ सीट आली. मागे इंजेक्शनांच्या पिशवीसाठी कॅरिअर बसलं, खाली स्टँड. आई आधी "या वयात आता कुठे" म्हणाली. मग तिनं पदर खोचला आणि पहिल्याच फेरीत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"कुठे टोचतंय?" शिंपीबाबांनी विचारलं. "लाजू नकोस."

"कुठेच नाही," आई म्हणाली.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. माझा रंग जागोजागी उडालाय. मापाचा आकडा कधीच गेला, पण त्याची गरजही उरली नाही. आई रोज सकाळी निघताना अंगठ्यानं माझे टायर दाबून बघते, चेनला तेलाचा थेंब देते. ऊन असो की पाऊस, हा नेम तिनं एकदाही मोडला नाही. म्हणून मी अजून चालते आहे.

मित्रांनो, आपल्या सायकलची हवा आणि तेल बघत जा, एवढी माझी विनंती. आणि दुसरी एक, जरा मोठी. कुणी मायेनं काही दिलं आणि ते कुठे टोचत असेल, तर गप्प राहून स्वतःला कमी समजू नका. सांगा. ज्याची माया खरी आहे तो रागावत नाही, तो पुन्हा माप घेतो.

चला, आई निघाली. सगळ्यांत आधी काढून टाकलेली ती घंटी परत बसलीय ना, दारातून बाहेर पडताना सगळ्यांत आधी तीच वाजते.