हॅलबर्गची चार नावं

हॅलबर्ग कंपनीने मोटारघर एकच बनवलं आणि त्याला चार नावं ठेवली, असं व्हर्ना किटलसनचं ठाम मत होतं. निळा पट्टा ओढला की सिल्व्हर लेक. गाद्यांना नारिंगी चौकडीच्या खोळी घातल्या की प्रेअरी क्वीन. तपकिरी गालिचा जमिनीवरून थेट भिंतीवर चढवला की ग्रँड मेसा. आणि ज्याला यातलं काहीच परवडत नसेल त्याच्यासाठी कॅन्यन. इंजिन तेच, छप्परही तेच, आणि ते गळायचंही त्याच कोपऱ्यात. एवढ्या भांडवलावर ही शहाणी माणसं दर उन्हाळ्यात इंडियानातल्या जत्रेच्या मैदानावर जमत, ज्या त्या नावाच्या रांगेत आपल्या पन्नाशीच्या गाड्या लावत, आणि मेसावाले कॅन्यनवाल्यांकडे नाक वर करून बघत.

"अक्कल घरी ठेवून येतात सगळे," व्हर्ना नवऱ्याला म्हणायची. डेल्मर नुसता हसायचा. तोच या शहाण्यांचा मेरुमणी होता. कुठली गाडी कुठल्या नावाची आणि कुठल्या सालची, यावर त्याचा शब्द अखेरचा मानत.

यंदा मात्र तो हसला नव्हता. सकाळी तिने कॉफीचा कप पुढे केला, तेव्हा तो अदबीने "आभारी आहे, बाई," म्हणाला होता.

घर विकून दोघं कायमची गाडीत राहायला आली होती. डेल्मर विसरायला लागला तसं मुलाने, कर्टिसने, आईकडून कबूल करून घेतलं होतं: ज्या दिवशी बाबा तुला ओळखणार नाहीत, त्या दिवशी गाडी विकायची आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं. हो म्हणताना तिला तो दिवस फार लांब वाटला होता. आता तो येऊन ठेपला होता, आणि मेळाव्याचा अध्यक्ष रोलंड बिकफर्ड नेमका कर्टिसचा शेजारी होता. हा निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं, आता त्यांच्या संसारात डोकावायचा. म्हणून व्हर्नाने डेल्मरचा घसा बसल्याची थाप मारली आणि त्याला कोणाच्या वाऱ्याला उभं केलं नाही.

पण शनिवारचा खेळ टाळणं शक्य नव्हतं. डेल्मरचे डोळे बांधायचे, त्याला एका गाडीत सोडायचं, आणि त्याने नुसतं चाचपून तिचं नाव सांगायचं. वर्षानुवर्षं चालत आलेली रीत. तो आला नसता तर दहा जण विचारपूस करायला दारात उभे राहिले असते.

"डेल्मर फारच गप्प आहे यंदा," रुमाल बांधता बांधता रोलंड म्हणाला. "झेपेल ना त्याला, व्हर्ना?"

"तुझ्यासारखी अखंड बडबड सगळ्यांनाच झेपत नाही, रोलंड."

डेल्मर आत गेला. बाहेर कागदी बशा घेऊन सगळे ताटकळत उभे राहिले. हिरव्या जेलीत गाजर किसून तिला सॅलड म्हणणारी ही जमात, आणि तिच्यापासून व्हर्नाला आपला नवरा लपवायचा होता.

"खणाला बोट घालायचं भोक आहे," आतून डेल्मरचा आवाज आला. "म्हणजे प्रेअरी क्वीन."

रोलंडच्या ओठांवर हसू फुटलं.

"थांबा! टेबलाला पाय एकच आहे. क्वीनला दोन असतात. ही मेसा आहे. कुठल्या तरी गाढवाने क्वीनचे खण आणून बसवलेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डेल्मरला फसवायचं म्हणून अख्खा हिवाळा खपून ते खण खुद्द रोलंडनेच बसवले होते. त्याचं पडलेलं तोंड बघून व्हर्नाला उकळ्या फुटल्या. त्या मूर्ख नावांवर आयुष्यात पहिल्यांदाच तिचा जीव जडला. निभावलं, असं तिला वाटलं.

रुमाल काढून डेल्मर पायरी उतरला. लोक हात पुढे करत होते, तो एकेकाचा हात हातात घेत होता. मग त्याने तिचाही हात घेतला.

"डेल्मर किटलसन," तो म्हणाला. "तुमची गाडी कुठली, बाई?"

एकच हशा पिकला. "बघा लबाड! बायकोशीच ओळख काढतोय!" कोणीतरी ओरडलं. व्हर्नाने नुसतं हसायचं होतं. गंमत म्हणून खपून गेलं असतं, या लोकांना काहीही खपायचं. पण तिला हसता येईना.

"सिल्व्हर लेक," ती म्हणाली.

"अरे वा, माझीही तीच! पण तुम्हांला आवडत नाही ती."

"कशावरून?"

"तोंडावरून. माझ्या बायकोचंही इथे आलं की अस्संच तोंड होतं. आम्हां सगळ्यांना ती मूर्ख समजते. तरी दर वर्षी माझ्यासाठी येते, बिचारी. भेटाच तिला. तुमचं दोघींचं छान जमेल."

हसणं थांबलं. रोलंडची बशी कलली आणि जेली गवतावर पडली.

"कुठे आहे ती?" व्हर्नाने विचारलं.

डेल्मरने गर्दीवरून नजर फिरवली. मग गाड्यांच्या रांगांवर. त्याचा चेहरा हळूहळू कावराबावरा झाला.

"इथेच होती," तो म्हणाला. "मला न सांगता ती कुठे जात नाही. आत्ता इथेच होती."

"व्हर्ना..." रोलंड हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती, आणि त्याची कीव तिला त्याच्या बडबडीहून असह्य झाली.

"फोन कर कर्टिसला," ती म्हणाली. "जा, तोंड बघत उभा राहू नकोस."

मग तिने डेल्मरचा दंड धरला.

"चला," ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर. शोधू या तिला."