गाठीतले काळे केस

कोल्हापुरातल्या त्या गल्लीत आठ दिवस दुसरा विषयच नव्हता. जो तो क्रांतीच्या दारात गर्दी करून एकच फोटो बघत होता. तिच्या पोटातून नारळाएवढी गाठ निघाली होती आणि गाठीत चक्क केस होते, वर दोन दात. सर्जनने ती नातेवाइकांना दाखवली, तेव्हा नवरा सयाजीने फोटो काढून सगळीकडे पाठवला होता.

मग आबा देवऋषी आले. लिंबू कापून त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना पोटातले केस 'दिसले'. दिसणारच, फोटो त्यांच्याही मोबाईलवर होता. शेजारच्या धोंडुबाईने शिऱ्यातून आपले केस खायला घालून करणी केली, असा त्यांनी निकाल दिला. धोंडुबाईचे केस पांढरेशुभ्र, गाठीतले काळेभोर. मंत्राने काळे होतात म्हणे! एवढी शिकलीसवरलेली गल्ली, पण माना डोलवत राहिली. अमावास्येच्या आत म्हातारीने खोली सोडावी असं ठरलं. एकटी बाई, जाणार कुठे?

क्रांतीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती दुखण्याने आडवी असताना याच बाईने तिचं पाणी भरलं होतं. टाके ओले असतानाच ती सयाजीला घेऊन, गाठ तपासणाऱ्या डॉक्टर सना मुजावर यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी आधी विचारलं, दुखणं कधीपासूनचं? क्रांतीने गारगोटीला माहेरी काढलेल्या सोनोग्राफीचा सात वर्षांपूर्वीचा कागद पुढे केला. त्यात सुपारीएवढी गाठ होती. धोंडुबाई तर गल्लीत दोन वर्षांपूर्वी आलेली.

मग त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. "हा केस सुटा नाही. याला मूळ आहे, शेजारी तेलाची ग्रंथी आहे. तो गाठीतल्या कातडीतच उगवलाय. ही गाठ बीजकोशात होती. तिथल्या काही पेशी कधीकधी अशी कातडी, केस, दात तयार करतात. खाल्लेला केस बीजकोशात जाईल कसा? आणि हा कॅन्सर नाही."

क्रांतीने गल्लीत हे सगळं मोठ्याने सांगितलं. डॉक्टरला करणी दिसत नसते, असं आबा गुरगुरले.

"तुम्हाला तरी फोटो यायच्या आधी कुठं दिसली?" क्रांतीने विचारलं.

सयाजी हळूच म्हणाला, "गप की आता."

"का गप बसू? प्वाट माझं हाय. त्यात काय उगवलं ते डॉक्टरला इचारा, भिंगातनं बघा. म्हातारीच्या दारात कशापायी जाताय? तिला काढायचं आसंल तर आधी माझं सामान भायेर टाका."

कुणी जागचं हललं नाही. क्रांती तशीच सयाजीला घेऊन पोलीस ठाण्यात गेली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली आबांवर तक्रार दिली. साक्षीदार कोण, असं हवालदाराने विचारल्यावर तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. सयाजीने मान खाली घालून सही केली.