शनिवारची दहा माणसं

दर शनिवारी सकाळी आबा अंघोळ करून पांढरा सदरा घालत, डोक्यावर टोपी ठेवत, खांद्यावर झालरीची शाल घेत आणि दाराकडे तोंड करून पुढच्या खोलीत बसत. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची तर दहा यहुदी पुरुष लागतात. आबा त्यांची वाट पाहत.

कोणी येणार नाही, हे हन्नाला ठाऊक होतं. आबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, तेव्हा क्वार्टरमध्ये बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची, बरीच घरं होती. त्यातले काही पुढे इस्राएलला गेले, उरलेले वारले. आता जळगावात आबांचं सगळं करायला हन्ना ही एकटी मुलगी होती. पाइपच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी सांभाळून ती त्यांना पाही.

आबांची आठवण पार विस्कटली होती. सगळे अजून का आले नाहीत, असं पहिल्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा हन्नाने खरं ते सांगून टाकलं. क्वार्टरमधले रूबेनकाका गेले, शालोमकाकाही गेले. आबा हमसून हमसून रडले. पुढच्या शनिवारी सगळं विसरून पुन्हा विचारलं. पुन्हा तीच बातमी आणि तेच रडणं, जणू माणसं आत्ताच गेली होती. असे कितीतरी शनिवार गेले.

शेवटी तिने इस्राएलातल्या भावाला, नथानला, फोन केला. त्याने तिथल्या धर्मगुरूंना, रब्बींना, विचारलं. धर्मग्रंथातली सारा आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, अब्राहामच्या, वयावरून हसली, पण देवाने ते त्याला जसंच्या तसं सांगितलं नाही, असं रब्बी म्हणाले. घरात शांती राहावी म्हणून देवानेसुद्धा शब्द बदलले, मग मुलीने बदलले तर काय बिघडलं? हन्नाला हायसं वाटलं. शनिवारी तिने सांगितलं, की गाडी लेट आहे, येतीलच सगळे.

झालं भलतंच. सगळे आल्याशिवाय घास घेणार नाही, म्हणून आबा अडून बसले. मे महिना होता. दार लावू देईनात, पाण्याला हात लावीनात. दुपार टळता टळता त्यांना भोवळ आली आणि ते खुर्चीवरून कलंडले. शेजारचे आधारभाऊ आणि लीलाबाई धावत आले. आधारभाऊंनी आबांना उचलून पलंगावर निजवलं, लीलाबाईंनी चमच्याने साखरपाणी पाजलं.

हन्नाने त्यांना सगळं सांगितलं. सांगताना तिला लाज वाटत होती.

आधारभाऊ म्हणाले, "ताई, काय करनं शे तेवढं सांगा."

पुढच्या शनिवारी ते आबांसकट दहा भरतील एवढी कॉलनीतली माणसं घेऊन आले. जीवराम रिक्षावाले होते, डाळ मिलमधले दोघे-तिघे होते. सगळे डोक्याला रुमाल बांधून सतरंजीवर गुपचूप बसले. आबांचा चेहरा उजळला. ते उठले, शाल सारखी केली आणि भरल्या आवाजात हिब्रूतून हाक दिली, की देवाची स्तुती करा. या हाकेला बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असतं.

कोणालाच ते येत नव्हतं. आधारभाऊंनी हन्नाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेच उत्तर दिलं, पण आवाज अर्ध्यातच फाटला.

आबा एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शाल उतरवून नीट घडी घातली. रागावले नाहीत. प्रत्येकाला चहा घेतला का विचारलं, उन्हातून आलात म्हणून हात जोडले, दारापर्यंत पोचवलं.

माणसं गेल्यावर त्यांनी विचारलं, "सगळे गेले का गं?"

ते रूबेनकाका, शालोमकाकांबद्दल विचारतात, हे हन्नाला कळलं.

"हो, आबा."

ते रडले नाहीत.

त्यानंतर त्यांनी शनिवार ओळखणंच सोडलं. निदान वेळेवर जेवतात तरी, असं नथान फोनवर म्हणाला. आताही हन्ना शनिवारी सदरा आणि शाल काढून पलंगावर ठेवते. आबा त्याकडे बघतात आणि कूस बदलतात. शब्बाथला काम करायचं नसतं. हन्ना हात मांडीवर ठेवून त्यांच्या उशाशी बसून राहते.